हळू बोलणाऱ्यांसाठी

आमच्या घरमालकांना दोन्ही हात जोडून नमस्कार करताना मलकापुरात कुणी पाहिलं नसेल. देऊळ असो, कचेरी असो, कुणाची मयत असो, डावा हात काळ्या कोटाच्या खिशात आणि उजवा तेवढा कपाळाकडे. मी तहसिलीत कारकून होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे या नमस्काराचा जाब लोक मला विचारत. नव्यानं आलेल्या तहसीलदारांनी एकदा मला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुमच्या मालकांना डावा हात नाही का? मी म्हटलं, आहे साहेब, पण तो ते विजेपासून जपतात. साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते.

पण मी खोटं बोललो नव्हतो. उघड्या ॲम्प्लिफायरमध्ये एक हात घालताना दुसरा खिशात ठेवावा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही, असा त्या कामातला नियम आहे. एका फिरत्या टॉकीजच्या ऑपरेटरनं तो त्यांना शिकवला होता. ऑपरेटर बिचारा मशीनपुरतं बोलला असेल, यांनी तो जन्मभरासाठी लावून घेतला. बाजारात टरबूज घ्यायचं तरी एकाच हातानं ठोकून पाहत. ठोकल्याचा आवाज त्यांना येत नसे, पण बोटांना कळतं, म्हणत.

कारण ते बहिरे होते. एका दिवसात झाले नाहीत, दहाबारा वर्षांत हळूहळू झाले. पेशानं ते वकील, आणि वकिलाला तेच जास्त वाईट. एकदम बहिरा झाला असता तर माणूस घरी बसला असता. हे कोर्टात जात राहिले. साक्षीदाराच्या तोंडाकडे पाहून, अंदाजानं उलटतपासणी करायचे. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, पण न ऐकणाऱ्या वकिलाचं सोनंही कुणी घेत नाही. एके दिवशी ते कागद चाळत असताना पिंजऱ्यातला साक्षीदार उतरला आणि दुसरा चढला. त्यांनी मान वर केली आणि पहिल्याच्या शेताबद्दल दुसऱ्याला प्रश्न विचारत राहिले. अख्खं कोर्ट हसलं. हसणं ऐकू आलं नाही, दिसलं. दुसऱ्या दिवशीही सकाळी कोट चढवला, पण कोर्टात गेले नाहीत. मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती आणि कोट रोज चढतच होता.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मूळचा सुलतानपूरचा, नवं लग्न झालेलं, बायको मोताळ्याकडची. ती माझ्या बोलीला हसायची आणि मी तिच्या. वकीलसाहेबांच्या घरी मूलबाळ नव्हतं; झालंच नव्हतं की होऊन राहिलं नव्हतं, ते आम्ही कधी विचारलं नाही. घरात ते आणि काकू, दोघंच. काकू किरकोळ बांध्याच्या आणि आवाज इतका हळू की समोर बसलेल्यालाही पुढे वाकावं लागे. दैवाचा खेळ पाहा, बहिऱ्या नवऱ्याला बायको अशी मिळावी.

ॲम्प्लिफायर त्या फिरत्या टॉकीजचाच. मालक वकीलसाहेबांचा अशील होता. एक मोठा खटला त्यांनी त्याला जिंकून दिला आणि पुढे त्यानं तंबू गुंडाळला तेव्हा ध्वनीचं सगळं सामान आठवण म्हणून यांच्या ओसरीवर आणून टाकलं. लोखंडी पेटी, तिच्या माथ्यावर दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह, त्यातले मागचे दोन वांग्याएवढे मोठे. एक माईक आणि एक लाकडी खोका, आत स्पीकर, पुढे कापड लावलेलं. कानात घालायचं यंत्र त्यांनी नागपूरहून आणलं होतं, पण त्यात नुसता खरखराट, ते ट्रंकेत गेलं. या पेटीतून मात्र त्यांना ऐकू यायचं. आवाज पूर्ण चढवून, खोक्याच्या कापडाला कान चिकटवून बसलं की माणसाचं बोलणं शब्द न् शब्द कळायचं, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते तसेच बसलेले असत.

मग त्यांनी काय करावं? माईक स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खुंटीला टांगला, तार भिंतीतून काढून समोरच्या खोलीत आणली आणि काकूंना सांगितलं, मले काही सांगाचं असलं की याच्यात बोलत जा. दुसऱ्या कुणासाठी हे नव्हतं. आम्ही बाकीचे त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. काकूंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी शिकवायला घेतलं होतं म्हणे, पण काकूंनी, आता गोवऱ्या मसणात गेल्यावर कायची अ आ इ, म्हणून पाटी परत केली.

माईकसमोर जाताना काकू डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. कुणी परका पुरुष ओट्यावर येऊन उभा राहिल्यासारखा. मग दोन बोटांनी माईकची कड धरायच्या आणि म्हणायच्या, "जेवाले चला." समोरच्या खोलीत ते एवढ्यानं उमटायचं की अर्ध्या गल्लीला कळायचं वकिलांकडे पानं वाढली. गल्लीतल्या बाया या हाकेवर आपल्या घरची कामं बेतायच्या.

आता थोडं त्या मशीनबद्दल सांगावं लागेल, कारण त्याशिवाय वकीलसाहेब कळायचे नाहीत. मी राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पेटीसमोर बसवलं. पेटीच्या मागे एक लहानसा पेच होता, पेचकसानं फिरवायचा. शेजारी काट्याचं मीटर. मीटरकडे पाहत पेच केसभर फिरवायचा, थांबायचं, व्हॉल्व्हच्या आत डोकवायचं, पुन्हा केसभर. हे ते रोज सकाळी पूजेच्या वेळेला करत आणि पूजा करत नसत. मी पाटीवर लिहिलं, हे काय?

"याले बायस म्हणतात, बाबू," ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कोणी बोलत नसते तवाही या मोठ्या व्हॉल्व्हमधून थोडी वीज वाहू द्या लागते. ती किती, ते हा पेच ठरवते. कमी ठेवली तं व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं जाते, पण हळू बोललेलं फाटून येते. जास्त ठेवली तं हळू बोललेलं साफ येते, पण व्हॉल्व्ह आतून भाजते. लई झाली तं आतली काळी प्लेट लाल होते आणि खेळ खतम. जोरानं बोलणाऱ्याले या पेचाचं काही देणंघेणं नाही. त्याचं कसंही आयकू येते. हा पेच हळू बोलणाऱ्यासाठी आहे."

मी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला चाळा हवा आहे. नंतर लक्षात आलं की हा माणूस सकाळी उठून बायकोच्या आवाजाची जागा करून ठेवतो. दिवसभरात ती काय बोलेल कोण जाणे, पण बोललीच तर फाटू नये.

यात मोठी अडचण आमच्या घरामागच्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची होती. कापसाच्या हंगामात जीन धडधडायला लागली की सगळ्या भागातली वीज मंदावायची, दिवे पिवळे पडायचे. त्या मंद विजेवर पेच बसवलेला असला आणि जीन थांबली, की वीज एकदम चढायची आणि व्हॉल्व्हमधून नको तेवढी वाहायची. म्हणून जीन थांबली की पेच लगेच मागे घ्यावा लागे. आम्हाला जीन थांबल्याचं कानाला कळायचं, यांना कसं कळणार? दिव्याकडे नजर जाईपर्यंत उशीर झालेला असायचा. अमावास्येला जीन बंद असायची, ते पंचांगात पाहून त्यांना आधीच ठाऊक असे. मधेच पट्टा तुटला, काही बिघडलं, तर काकू माईकवर सांगायच्या, "जीन बंद झाली." मग वकीलसाहेब पेचकस घेऊन धावत. इतक्या वर्षांत एकदाही काकूंकडून हे सांगायचं राहिलं नव्हतं.

अमावास्येला वीज चढलेली असे, म्हणून व्हॉल्व्हवर नजर ठेवायला त्या संध्याकाळी ते दार उघडं टाकून पेटीसमोर बसत. अंगात काळा कोट, एक हात खिशात, समोर लालसर उजळलेली काचेची भांडी आणि नजर त्यांच्यावर अशी रोखलेली की पापणी लवत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यानं काय समजावं? तेच समजला, की इथे कुणी मांत्रिक बसतो. एका अमावास्येला दिवेलागणीला मोताळ्याकडची एक बैलगाडी दारात थांबली. एक म्हातारा शेतकरी उतरला, मागे डोक्यावरून पदर घेतलेली, तापानं फणफणलेली सून. म्हातारा उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला, "महाराज, पोरीले वावरातून काही लागलं."

वकीलसाहेबांनी फक्त एवढं पाहिलं की कितीतरी वर्षांनी दारात बैलगाडीतून माणूस आला आहे. त्यांचा चेहरा फुलला. कोट झटकून त्यांनी विचारलं, दिवाणी का फौजदारी? म्हातारा गांगरला. भूत कोणत्या जातीचं असतं हे त्याला काय ठाऊक. तो म्हणाला, ते तुमीच ओळखा. वकीलसाहेबांनी पुढे विचारलं, वावर कोणाच्या नावावर आहे? म्हाताऱ्याला वाटलं, किती बरोबर विचारलं. मी ओसरीवर उभा राहून हसत होतो. काकूंना मात्र आतून ते बघवलं नाही. त्या माईकपाशी गेल्या असतील, पदर सारखा केला असेल. खोक्यातून आवाज आला, "भाऊ, ते वकील हायेत. पोरीले डागदराकडं न्या."

म्हाताऱ्यानं खोक्यासमोर लोटांगण घातलं.

सुनेला त्यानं डॉक्टरकडे नेलं, तिला हिवताप होता आणि ती बरी झाली. झालं. वकिलाच्या खोक्यात बाई आहे आणि ती अमावास्येला खरं सांगते, असं आसपासच्या खेड्यांत झालं. पुढच्या अमावास्येला तीन गाड्या आल्या, पुढच्या वेळी त्याहून जास्त. लोक खोक्याला हळदकुंकू लावत. वकीलसाहेब प्रत्येकाला आपुलकीनं बसवून घेत, दिवाणी का फौजदारी विचारत, आणि माणसं आपल्याशी न बोलता खोक्याच्या पाया का पडतात ते त्यांना उमगत नसे. शेवटी मीच पाटीवर लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. अशील आले असं त्यांना वाटलं होतं. मला त्या दिवशी माझ्या हसण्याची लाज वाटली.

पण खरी किंमत काकूंना मोजावी लागली. त्यांचा आवाज, जो आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, तो ऐकायला लोक गाड्या जुंपून येऊ लागले होते. गल्लीतल्या बाया तेवढ्याशा वाईट नव्हत्या, पण पाण्याला गेल्यावर, आज काय सांगते वं खोक्यातली बाई, असं विचारायला कोण सोडतं. काकूंनी तोंडाला कुलूप घातलं. माईकवर तीनच गोष्टी उरल्या. जेवाले चला, कोणी आलं, जीन बंद झाली. माझ्या बायकोजवळ मात्र त्या स्वयंपाकघरात तासन् तास बोलत, माईककडे पाठ करून, इतक्या हळू की माईकलाही कळू नये.

आणि इथेच वकीलसाहेबांची चूक झाली. शहाण्या माणसाचीच होते तशी. दारातून त्यांना काकूंचे ओठ हलताना दिसायचे, माझी बायको हसताना, हुंकार देताना दिसायची, आणि खोक्यातून तर काही येत नव्हतं. बायको आपल्याला टाळते आहे हे काही त्यांच्या मनाला शिवलं नाही. ते मला म्हणाले, "ती बोलून राह्यली, बाबू. दिवसभर बोलून राह्यली. मशीन खाऊन टाकते तिचं बोलणं. मी बायस कमी ठेवला."

मी पाटी उचलली आणि परत ठेवली. काय लिहिणार होतो? की मशीन चांगलं आहे, तुमच्या बायकोलाच तुमच्याशी त्यातून बोलायचं नाही? नवराबायकोच्या मधे पाटी घेऊन उभं राहण्याइतका मी शहाणा नव्हतो, आणि आजही नाही.

ते पेच वाढवत गेले. मीटरचा काटा रोज थोडा पुढे. व्हॉल्व्ह इतके तापत की थंडीत खोलीला ऊब यायची. पेटीच्या कडेच्या पत्र्यावर पहाटे मांजर येऊन बसायचं. जुन्या सामानातले सुटे व्हॉल्व्ह एकेक करून संपले. मुंबईच्या दुकानांना त्यांनी पत्रं लिहिली, उत्तर यायचं की हे आता बनत नाहीत. शेवटची जोडी पेटीवर होती. मी लिहून सांगितलं, जपा. ते म्हणाले, व्हॉल्व्ह जपून काय करू, त्याचं लोणचं घालू?

भर हंगामात एका दुपारी जिनिंगचे शेटजी वारले. बातमी आली तशी मुनीमजींनी जीन थांबवली. ती रोजची धडधड थांबली की कानाला कसंतरीच होतं. मी जेवायला घरी आलो होतो. माझी बायको काकूंकडे स्वयंपाकघरात गहू निवडत बसली होती. तिनंच मला मग सांगितलं ते असं. तिनं म्हटलं, काकू, जीन बंद झाली. काकू "हाव" म्हणाल्या. माईक हातभर अंतरावर खुंटीला होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुपातल्या गव्हाकडे पाहिलं आणि खडे वेचत राहिल्या. बायको उठायला लागली तशी तिचा हात धरून म्हणाल्या, "बस वं. होऊ दे."

मला जळका वास आला म्हणून मी धावलो. दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटा चुलीतल्या निखाऱ्यासारख्या लाल झाल्या होत्या. वकीलसाहेब समोरच होते, पण डोळे मिटून, खोक्याला कान लावून, काही येतं का याची वाट पाहत. मी त्यांचा खांदा धरेपर्यंत एका व्हॉल्व्हमध्ये निळा लोळ उठला आणि पेटीचा फ्यूज उडाला. पेटी वाचली. व्हॉल्व्ह दोन्ही गेले.

त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग छताच्या दिव्याकडे. दिवा भर दुपारी पांढरा लख्ख जळत होता. "जीन बंद झाली?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहत राहिले. काकू तिथून दिसत होत्या, मान खाली घालून गहू निवडत होत्या. मला वाटलं आता घरात मोठा तंटा होणार, पण संध्याकाळी दोघं नेहमीसारखी जेवली. फक्त जेवायची हाक आली नाही, काकू स्वतः जाऊन त्यांच्या दंडाला हात लावून घेऊन आल्या.

माझा एक मेहुणा मुंबईला होता. त्याला मी व्हॉल्व्हचं नाव आणि नंबर लिहून पाठवला, जुन्या बाजारात पाहा म्हणून. वकीलसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की मीच लाजलो.

होळीच्या आधी काकू आजारी पडल्या. पोटात गाठ होती, ती किती दिवसांची होती कोण जाणे, सांगितली होती कुणाला? बुलढाण्याला नेऊन आणलं. डॉक्टरांनी त्यांना घरी नेऊन सुखात ठेवा म्हटलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. समोरच्या खोलीतच, त्या मुक्या पेटीशेजारी, त्यांची खाट टाकली. माझी बायको दिवसाचा बराच वेळ तिथे असायची. अंग पुसणं, वेणी, औषध, सगळं तीच पाहायची.

आणि काकू बोलू लागल्या.

वकीलसाहेब खाटेजवळ स्टूल घेऊन बसायचे आणि काकू त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलायच्या. सकाळी सुरू झाल्या की औषधाच्या वेळेपर्यंत, मग झोप, मग पुन्हा. लग्न होऊन जितकी वर्षं झाली होती तितक्या वर्षांचं असावं. मी ओसरीवरून जाता-येता मला नुसती कुजबुज ऐकू यायची, शब्द नाहीत. मधे कधी त्या हसायच्या. एकदा रागानं बोलताना दिसल्या, बोट उगारून. मी काकूंना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेब मान हलवायचे. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं हे मला ठाऊक, बायकोला ठाऊक, काकूंना तर आमच्याहून जास्त ठाऊक. चेहऱ्याकडे पाहून ते कुठे हो करायचं, कुठे खाली पाहायचं ते ठरवत. बायको रोज डोळे लाल करून घरी यायची. काय बोलतात काकू, विचारलं तर म्हणायची, बोलतात.

अशात मेहुण्याचं पार्सल आलं. मी ते स्टेशनवरून सोडवून, कचेरीला दांडी मारून, घाईघाईनं आणलं. वाटेत मला फार आनंद झाला होता, खरं सांगतो. दैव एकदा तरी वेळेवर आलं असं वाटलं. वकीलसाहेबांना ओसरीवर बोलावून पार्सल हातात दिलं. त्यांनी भुशातून व्हॉल्व्ह काढला, उन्हात धरला, नखानं हलकेच टिचकी मारून आतली तार सरळ आहे ना पाहिलं. मग दुसरा. कितीतरी महिन्यांत त्यांचा चेहरा असा मोकळा झाला नव्हता. ते पेचकस घ्यायला आत वळले.

दारातच थांबले. आत काकू बोलत होत्या. स्टूल रिकामं झालं तरी त्यांचं थांबलं नव्हतं, माझी बायको पाय चेपत होती आणि काकू आढ्याकडे पाहून सांगत होत्या. मग त्यांना दारात वकीलसाहेब दिसले आणि त्यांनी हातानंच स्टूल दाखवलं, या, पुढचं राहिलं. वकीलसाहेबांनी हातातले व्हॉल्व्ह पाठीमागे घेतले.

ते ओसरीवर परत आले आणि त्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा भुशात ठेवले. मी खुणेनं विचारलं, बसवायचे ना? ते माझ्या अगदी जवळ आले. त्या माणसाला मी हळू बोलताना तेवढा एकदाच ऐकला. किती हळू ते त्यांना कळत नसल्यामुळे निम्मं ओठांतच राहिलं.

"बाबू, त्या दिवशी जीन बंद झाली ते तिले आयकू आलं होतं. तिचे कान तिखट आहेत. तिनं मले सांगितलं नाही. म्हणजे हे मशीन तिले नोको होतं. मले इतकी साक्ष पुरे."

मी पाटी घेऊन घाईनं लिहिलं, पण तुम्हाला ऐकायचं होतं ना? त्यांनी वाचलं. कोटाच्या बाहीनं पाटी पुसली.

"होतं," ते म्हणाले. "पण मी आयकत नाही म्हणून तं ती बोलून राह्यली. हे पेटलेलं दिसलं की ती गप होईन. बोलू द्या तिले."

पार्सल त्यांनी माझ्या हातात दिलं आणि आमच्या खोलीत, काकूंना दिसणार नाही असं ठेवायला सांगितलं. मग आत जाऊन स्टुलावर बसले आणि मान हलवू लागले. मी ते खोकं छातीशी धरून ओसरीवर उभा राहिलो आणि मला रडू आलं. मुंबईहून इतक्या लांब, न फुटता आलेले व्हॉल्व्ह होते. ते बसवायला अर्धा तासही लागला नसता.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया झाली आणि काकू गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होत्या. शेवटी शेवटी आवाज माझ्या बायकोलाही येत नव्हता, नुसते ओठ हलत होते, आणि तेव्हा खोलीत आम्ही सगळेच वकीलसाहेबांसारखे झालो होतो. ते मान हलवत राहिले.

तेरावं झाल्यावर बायकोला राहवेना. एवढं सगळं ज्याच्यासाठी बोललं गेलं त्याला त्यातलं अक्षर माहीत नाही आणि आपल्या पोटात मात्र सगळं आहे, हे ओझं तिला पेलत नव्हतं. मी म्हटलं, तू जाण आणि तुझं मन जाणे. ती पाटी-पेन्सिल घेऊन वकीलसाहेबांपुढे जाऊन बसली. मी मागे उभा होतो. तिनं लिहायला सुरुवात केली, काकू म्हणत होत्या की. तिथं त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"नोको, पोरी. आयकाचं असतं तं तवाच आयकलं असतं. व्हॉल्व्ह घरात होते."

बायकोनं पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनीच विचारलं आणि विचारताना त्या माणसाचा चेहरा मला पाहवेना. कोर्टात निकालासाठी उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत, तसा होता.

"एवढंच सांग. मी मान हालवत होतो ते बरोबर जागी होतं का? का ती दुखाचं बोले आणि मी हो हो म्हणो?"

बायकोनं पाटी बाजूला ठेवली. तिनं त्यांच्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली, दोनदा, सावकाश, त्यांना नीट दिसेल अशी. वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. आपण किती मोठ्यानं रडतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं, गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्यानंतर वकीलसाहेब फार दिवस राहिले नाहीत असं ऐकलं. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो आहोत. काकू त्या दिवसांत काय बोलल्या ते मी बायकोला पुष्कळदा विचारलं. गोडीनं विचारलं, चिडून विचारलं. वकीलसाहेबांची मान बरोबर जागी हलत होती का, तेवढं तरी खरं सांग म्हटलं. इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडणार आहे, हेही म्हणून पाहिलं. ती दर वेळी एकच सांगते.

"ज्याले आयकाचं होतं त्यानं आयकलं नाही. मंग तुमचा कान कायले मंधात?"